पाठराखीण आणि फेरफार

गेल्या मराठी भाषा गौरव दिनाला माझ्या पुण्याच्या भाच्याने कंपनीच्या भित्तिपत्रकासाठी एक टिपण लिहिलं आणि शुद्धलेखन बघायला मला पाठवलं. शीर्षक होतं, ‘विदा कशी राखावी?’ मी ते छापून जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. समोरच्या घरातल्या भाभी विरजण न्यायला आल्या, त्यांची नजर कागदावर गेली आणि त्या थबकल्याच. ‘किसकी विदाई है, भैया?’

जबलपुरात हे नेहमीचंच. लिपी एक असल्यामुळे आमचं मराठी इथे कुणालाही वाचता येतं, आणि वाचता येतं म्हणूनच भलतं समजतं. ‘विदा’ हा डेटासाठी मराठीत घडवलेला शब्द, ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूवरचा. घडण नीटच आहे. पण नर्मदेच्या काठी विदा म्हणजे निरोप. अरबीतून आलेला, ‘अलविदा’तला. मांडवातून मुलगी सासरी निघते, ती तिची विदा. भाचा लिहितो ‘विदा राखा’, आणि इकडे बायका पदर डोळ्यांना लावतात.

खरं म्हणजे डेटाला मुद्दाम नवा शब्द करायची गरज होती का, हा माझा जुना प्रश्न. लॅटिन ‘डाटुम’ म्हणजे दिलेलं. तोच ‘दा’ धातू, तोच आपला ‘दत्त’. इंग्रजीतला तारखेसाठीचा ‘डेट’सुद्धा ह्याच घरचा: रोमन पत्रांच्या शेवटी ‘दिले, अमुक गावी, अमुक दिवशी’ असं लिहीत, त्यातलं ‘दिले’ सुटं झालं आणि तारीख होऊन बसलं. म्हणजे आमच्या गोलबाजारातल्या देवळातला दत्त आणि भाच्याच्या सर्व्हरमधला डेटा एका मुळाचे. हे मी देवळाच्या कट्ट्यावर सांगितलं, तर एकाने लगेच विचारलं, ‘म्हणून तीन प्रती ठेवतात का?’

हसण्यावारी गेलं, पण प्रश्न अगदीच वाया नव्हता. वेगवेगळ्या गावांतल्या यंत्रांवर पसरलेल्या डेटाबेसमध्ये एकेक नोंद तीन यंत्रांवर ठेवण्याची रीत खरोखरच आहे. तिघांपैकी दोघांनी ‘लिहिलं’ म्हटलं की नोंद पक्की. यंत्रं पाच असतील तर तिघांचा होकार लागतो. आपल्याकडे ह्याला ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणत आले आहेत. फरक एवढाच की संगणकाला परमेश्वर लागत नाही, बहुमत पुरतं.

असो. भाभींच्या विदाईने माझ्या डोक्यात दुसराच शब्द जागा केला: पाठराखीण.

नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत माहेरची एखादी मोठी बाई, नाहीतर धाकटी बहीण जाते, ती पाठराखीण. माझ्या आजीच्या पिढीपर्यंत ही प्रथा आमच्या घरात होती. आजी वऱ्हाडातून बैलगाडी आणि मग आगगाडी करत जबलपूरला आली, तेव्हा तिच्याबरोबर आलेली मावशी महिनाभर इथे राहिली होती. आता पाठराखीण गेली आणि ‘पाठराखण’ उरली आहे. तीही बहुतेक बातम्यांत: मंत्र्याने अधिकाऱ्याची पाठराखण केली, म्हणजे अधिकाऱ्याने काहीतरी केलेलं आहे, हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. शब्दाची अब्रू गेली ती अशी.

पण शब्द उलगडून बघा. पाठ म्हणजे बॅक. राखणे म्हणजे पडू न देणे. इंग्रजी ‘बॅकअप’ हा मुळात ‘पाठीशी उभं राहणे’ एवढाच आहे; संगणकाने तो उचलला आणि ‘जादा ठेवलेली प्रत’ असा केला. (त्याच इंग्रजीत गटार तुंबलं तरी ‘बॅकअप’ होतं; ह्या दोन अर्थांतलं नेमकं काय झालंय ते आमच्या कार्यालयात कधीकधी सांगता येत नसे.) म्हणजे बॅकअपला पाठराखण हा जवळजवळ शब्दशः मराठी शब्द आपल्या घरात कधीपासून पडून आहे. मी भाच्याला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, ‘मामा, लोक हसतील.’

हसू देत. मला शब्द आवडला तो त्यातल्या खोटीसाठी. पाठराखीण नवरीच्याच गाडीत बसते. गाडी ओढ्यात कलंडली तर दोघी भिजतात.

२२ मे १९९७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला, जबलपूर हललं. सहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप होता. शहरातली किती घरं तडकली, किती पडली, ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. मदनमहालच्या टेकडीवरची ती तोल सांभाळत बसलेली शिळा मात्र जागची हलली नाही, हे इथला प्रत्येक जण पाहुण्याला सांगतो. मी तेव्हा एका कार्यालयाच्या संगणक विभागात होतो. सकाळी जाऊन पाहिलं तर भिंतीचा एक पट्टा यंत्रावर आला होता. आमच्या बॅकअपच्या चुंबकी फिती पोलादी कपाटात होत्या, कपाट त्याच खोलीत, यंत्रापासून चार पावलांवर, आणि तेही यंत्राच्याच अंगावर पडलं होतं. रजिस्टरात रोज संध्याकाळी सही होती: ‘बॅकअप घेतला.’ घेतला होता, खोटं काही नव्हतं. फिती बऱ्याचशा वाचल्या हे आमचं नशीब. त्यानंतर एक फीत दर शनिवारी शिपायाच्या हाती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत जाऊ लागली.

‘राखणे’ हा शब्दही बघण्यासारखा आहे. संस्कृत रक्ष्. त्याचंच ‘रक्षा’. पण रक्षा म्हणजे राखसुद्धा. दृष्ट लागू नये म्हणून अंगावर जी भस्माची बोटं ओढतात ती रक्षा, तिच्यावरून राख. आणि माणूस गेल्यावर नदीत सोडतात तीही रक्षाच. ग्वारीघाटावर उभं राहिलं की हा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नाही. राखलेलं आणि राख झालेलं, दोन्हीला एकच मूळ.

ह्या दोन अर्थांमधली एक खरी गोष्ट आमच्याच मुलखाजवळची आहे. छत्तीसगडात कुरूद नावाचं गाव आहे. तिथे शरभपुरीय घराण्यातल्या नरेंद्र राजाचा ताम्रपट सापडला, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा. त्यातला मजकूर असा की, केशवक नावाचं गाव पूर्वी एका ब्राह्मणाला दान दिलेलं होतं, त्याचं शासन ताडपत्रावर होतं, आणि घराला आग लागून ते ताडपत्र जळलं. गाव मात्र त्याच कुटुंबाच्या भोगवट्यात अखंड चालू राहिलं होतं. तेव्हा तेच दान राजाने पुन्हा, आता तांब्यावर, त्याच्या मुलाच्या नावे करून दिलं. कागद राख झाला, पण व्यवहार चालू असल्याची खूण दुसरीकडे शाबूत होती, आणि तिच्यावरून हरवलेला कागद परत उभा केला. भाच्याच्या कंपनीत ह्याला ‘रिस्टोअर’ म्हणतात आणि त्याच्या तालमी घेतात.

ताम्रपटांचं आम्हा जबलपूरकरांना वेगळं कौतुक. भेडाघाटच्या वाटेवरचं तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. त्या राजांचे सगळे लेख एका ग्रंथात आणले ते कोकणात जन्मलेल्या आणि नागपुरात हयात घालवलेल्या वा. वि. मिराशींनी, १९५५ साली तो ग्रंथ निघाला. कलचुरी दानपत्रांत राजा ज्यांना उद्देशून आज्ञा करतो त्या अधिकाऱ्यांची लांबलचक यादी असते, आणि तीत महाक्षपटलिक असतो. अक्षपटल म्हणजे राज्याचं दप्तरखानं. कौटिल्याने त्याच्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे, आणि तिथे ‘निबंध’ हा शब्द नोंदीच्या वहीसाठी येतो. शाळेत ज्याने आपला घाम काढला तो निबंध आणि खरेदीखत घेऊन आपण ज्याच्या दारात ताटकळतो तो दुय्यम निबंधक, ह्यांचं नातं ते. पट्टा दान घेणाऱ्याच्या घरी, नोंद दप्तरात. पत्रे तांब्याच्या कडीत ओवून कडीवर राजमुद्रा ठोकलेली, म्हणजे मधला पत्रा कुणी बदलला तर कडी तोडावी लागेल. एकाच गोष्टीच्या दोन जागा, आणि छेडछाड झाली तर दिसेल अशी सोय.

‘दप्तर’ ग्रीकातून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आलं. ग्रीक ‘डिफ्थेरा’ म्हणजे कमावलेलं कातडं, लिहिण्याचं. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून घटसर्पाला युरोपात डिप्थेरिया नाव पडलं, तेही त्याच कातड्यावरून. मुलाच्या पाठीवरचं दप्तर आणि त्याला दिलेली लस एकाच ग्रीक शब्दाची, हे मला फार उशिरा कळलं.

आता नक्कल. हा शब्द आमच्याकडे तीन तोंडांनी बोलतो. मराठी घरात नक्कल म्हणजे कुणाच्या तरी बोलण्याचालण्याची हुबेहूब उचल. रस्त्यावरच्या हिंदीत ‘नकल’ म्हणजे परीक्षेतली कॉपी. मार्च उजाडला की वर्तमानपत्रांत नकल-प्रकरणं सुरू. आणि तहसिलीत ‘खसरे की नकल’ म्हणजे शेताच्या कागदाची अधिकृत प्रत. मुळात अरबी ‘नक़्ल’ म्हणजे वाहून नेणे, इथून उचलून तिथे ठेवणे. आजच्या अरबीतही वाहतुकीला नक़्लच म्हणतात. नक्कल ही मूळची प्रत नव्हे, प्रवास आहे.

संगणकातली ‘रेप्लिका’ ही नेमकी ह्या अर्थाची नक्कल. आमच्या कार्यालयाचा मोठा डेटाबेस दोन हजारच्या पुढच्या वर्षांत दोन गावी ठेवायचं ठरलं: एक यंत्र जबलपूरला, दुसरं भोपाळला. इथे झालेला प्रत्येक बदल तिथे वाहून न्यायचा, दोन-तीन सेकंदांत. साहेब खूश. म्हणाले, आता बॅकअपची कटकट संपली, भोपाळ आहे ना. फिती बंद करायचं टिपणही तयार झालं होतं. सही व्हायची होती.

एका दुपारी आमच्यातल्या एकाने एका वर्षाच्या रद्द नोंदी पुसण्याची आज्ञा दिली आणि तिच्यातली वर्षाची अट लिहायला विसरला. ओळ एवढीशी. तिने सगळ्याच नोंदी पुसल्या. तो खुर्चीतून उठून उभा राहिला, बोलेना. मी भोपाळला फोन लावला: तुमच्याकडचं बघा, आमच्याकडे गेलंय. पलीकडून कळफलकाचा आवाज, मग थोडी शांतता, मग ‘सर, यहाँ भी साफ है.’ नक्कल अगदी चोख होती. इथली चूक तीन सेकंदांत तिथे पोचली होती, अक्षरही न चुकता.

रेप्लिका ही आजची नक्कल असते. बॅकअप ही कालची. आज बिघडलं तर आजची नक्कल बिघडलेलीच निघणार. विरजणाचं असंच आहे. भाभींच्या घरचं विरजण आमच्याकडून गेलेलं, आमचं नासलं की आम्ही त्यांच्याकडून आणायचं, ही व्यवस्था वीस वर्षं चालू आहे. पण आमच्या दह्याला वास लागला असताना त्या वाटी भरून घेऊन गेल्या, तर दोन्ही घरांत तोच वास. त्या दुपारी आम्हाला वाचवलं ते आदल्या रात्रीच्या फितीने, आणि तिच्यापुढे एका कीर्दीने.

कीर्द हा माझा सर्वांत लाडका शब्द. रोजकीर्द म्हणजे फारसी रोज, म्हणजे दिवस, आणि कर्द, केलेलं. दिवसभरात केलेलं, ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने. जुन्या मराठीत गाव ‘कीर्दीस आणणे’ म्हणजे पडीक जमीन लागवडीला आणणे. तिथेही तेच ‘करणे’. दुकानातला दिवाणजी कीर्द लिहायचा आणि मग तिच्यावरून खतावणी: कोणाच्या खात्यावर किती जमा, किती नावे. कीर्दीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर खोडायची नाही, उलट नोंद टाकायची. म्हणजे चूकही राहते, दुरुस्तीही राहते, आणि दोन्हींची तारीख राहते. खतावणी हरवली तर कीर्दीवरून पुन्हा लिहिता येते. कीर्द हरवली तर खतावणीवरून ती लिहिता येत नाही, कारण शेवटची बाकी कळली तरी ती कशी झाली हे कळत नाही.

डेटाबेसवाले ह्या कीर्दीला ‘लॉग’ म्हणतात. लॉग म्हणजे ओंडका. जहाजाचा वेग मोजायला खलाशी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून समुद्रात टाकत, ठरलेल्या वेळात किती गाठी सुटल्या ते मोजत, आणि एका वहीत लिहीत. ती ओंडक्याची वही, मग नुसताच ओंडका, आणि आता जगातल्या प्रत्येक सर्व्हरच्या पोटात ओंडकेच ओंडके. खरा बदल करण्याआधी तो लॉगमध्ये लिहायचा, असा ह्या यंत्रांचा नियम. आधी कीर्द, मग खतावणी. आम्ही त्या संध्याकाळी आदल्या रात्रीची फीत चढवली आणि सकाळपासूनच्या कीर्दीतल्या नोंदी एकेक करून पुन्हा चालवल्या, ती चुकलेली ओळ येईपर्यंत. तिच्या अलीकडे थांबलो. रात्रीचे अकरा वाजले होते. फिती बंद करण्याच्या टिपणावर सही झाली नाही.

मराठेशाहीच्या कागदांवर ‘बार’ असा एक छोटा शेरा दिसतो. कागदाची दप्तरात नोंद पडली, असा त्याचा अर्थ. त्याच्यावरून बारनिशी, ‘निशी’ म्हणजे लिहिणे, फडणीस-चिटणीसातल्या ‘नीस’चंच भावंड. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत आवक-जावक बारनिशी अजून आहे. जबलपूरही एकेकाळी ह्या शब्दांच्या राज्यात होतं: १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं गोंड राज्य घेतलं, पुढे १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो जिंकला. पुढे कचेरी हिंदी झाली, आणि आमचे शब्द घरात उरले.

ते मला नीट कळलं बाबा गेल्यावर. पाटण तहसिलीत त्यांच्या नावावर थोडं शेत होतं. ते माझ्या आणि बहिणीच्या नावावर करायच्या कामाला इथे म्हणतात ‘फौती नामांतरण’. फौत म्हणजे गेलेला. मराठी जुन्या कागदांतही ‘फौत झाला’ असतं. नामांतरण शब्द ऐकून बहीण फोनवर दचकली. ती अमरावतीला असते. महाराष्ट्रात नामांतर म्हटलं की मराठवाडा विद्यापीठ आठवतं: १९७८ चा विधिमंडळाचा ठराव, सोळा वर्षांचा लढा, जळालेली घरं आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार. एवढा मोठा शब्द अडीच एकरांना कसा काय लावतात, असं तिला वाटलं. तिच्या सासरी त्याच कामाला साधा शब्द आहे: फेरफार.

फेर म्हणजे वळण. फिरणे, फेरी, फेरा, फेरविचार सगळे त्यातले. ‘फार’ हे शेपूट नादाचं. इंग्रजांनी महसुलात ह्याला ‘म्युटेशन’ म्हटलं, लॅटिनमधला नुसता ‘बदल’. जीवशास्त्रातला तोच, आणि हल्ली प्रोग्रामर लोक डेटा बदलणाऱ्या आज्ञेला म्हणतात तोही तोच. पण मराठी फेरफाराला एक अंगचा वास आहे. ‘त्याने हिशेबात फेरफार केला’ म्हणजे लबाडी. ‘तलाठ्याने फेरफार घेतला’ म्हणजे कायदेशीर काम. एकच शब्द, एकीकडे गुन्हा, दुसरीकडे हक्क. दोहोंत फरक काय? तो शब्दात नाही, रीतीत आहे.

ती रीत जवळून बघण्यासारखी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, कलमं १४९ आणि १५०. जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. (तलाठ्याचंही २०२४ मध्ये नामांतर झालं, ग्राम महसूल अधिकारी. गावात अजून तलाठीच म्हणतात आणि म्हणत राहतील.) तलाठी सातबाऱ्याला लगेच हात लावत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, फेरफार पत्रकात, नवा क्रमांक घालून नोंद. त्या नोंदीची प्रत चावडीवर लावायची. ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्या प्रत्येकाला लेखी नोटीस. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर ती वेगळ्या, तक्रारींच्या वहीत. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग सातबाऱ्यावर ‘अंमल’ दिला जातो.

अंमल दिला तरी जुनं नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात. बहिणीच्या सासऱ्यांचा जुना, हस्तलिखित सातबारा माझ्यापुढे आहे. त्यात तीन पिढ्यांची नावं एकाखाली एक आहेत, वरची दोन कंसात, आणि प्रत्येकाशेजारी फेरफाराचा क्रमांक. क्रमांक धरून नमुना सहामध्ये गेलात की कोण कधी गेलं, कुणी कुणाला विकलं, सगळं मिळतं. विकेंद्रित डेटाबेसमध्येही पुसलेली नोंद लगेच नाहीशी करत नाहीत. ती पुसल्याची खूण ठेवतात, नाहीतर दुसऱ्या गावचं यंत्र, ज्याला पुसल्याचं कळलेलं नाही, ती नोंद जिवंत समजून परत पाठवून देतं. त्या खुणेला ते लोक ‘टूमस्टोन’ म्हणतात, म्हणजे थडग्याचा दगड. मला आपला कंस जास्त बरा वाटतो. माणूस गेला आहे, पण ओळीत आहे.

आणि क्रमांक. बदलांची बातमी ऐकत बसणाऱ्या प्रोग्रामला सगळा डेटा पुन्हा वाचावा लागत नाही. ‘माझ्याकडे अमुक क्रमांकापर्यंतचे फेरफार आहेत, पुढचे द्या’ एवढं म्हणालं की पुरतं. अशा सोयीला ‘चेंज फीड’ म्हणतात. फीड म्हणजे चारा. गोठ्यातला शब्द सर्व्हरवर गेला, हे मला गमतीचं वाटतं. पण भाच्याने टिपणात त्याचं ‘बदल-पुरवठा’ केलं होतं, ते मी लाल शाईने काढलं आणि वर लिहिलं: वर्दी.

वर्दी म्हणजे मराठीत खबर, तीही ज्याने उठून काही करायचं आहे त्याला दिलेली. आगीची वर्दी मिळताच बंब निघाला, असं आपण रोज वाचतो. नुसती बातमी आणि वर्दी ह्यांत हाच फरक. बातमी ऐकून माणूस बसून राहू शकतो. (इथेही आमचं जबलपूर आडवं येतंच. मी एकदा कार्यालयात नव्या मुलाला म्हटलं, बदल झाला की लेखा शाखेला वर्दी दे. तो म्हणाला, ‘सर, वर्दी तो सिर्फ गार्ड को मिलती है.’ हिंदीत वर्दी म्हणजे गणवेश.) डेटाबेसमध्ये बदल होताच आपोआप काम करणाऱ्या सोयीला ‘ट्रिगर’ म्हणतात. मूळ डच भाषेतला, ‘ओढणारा’. तोफांच्या गाड्यांचा कारखाना १९०४ पासून ज्या गावात आहे तिथे हा शब्द समजवावा लागत नाही. इथे सगळे त्याला घोडा म्हणतात.

फेरफाराची वर्दी आता खरंच यंत्रं देतात. महाराष्ट्रात दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं गेलं की ई-फेरफार प्रणालीतून तलाठ्याकडे त्याची खबर जाते. मध्य प्रदेशात २०२२ पासून साइबर तहसील आहे आणि २९ फेब्रुवारी २०२४ पासून ती सगळ्या ५५ जिल्ह्यांत लागू आहे: वाद नसलेल्या खरेदीत नामांतरणाचा अर्जच करावा लागत नाही, नोंदणीच पुढचं चक्र फिरवते. आमचं मात्र फौती, त्यामुळे मला पाटणला खेटे घालावेच लागले.

ह्या दोन गोष्टी, कालची प्रत आणि आजची वर्दी, लोक वेगळ्या समजतात. त्या किती एकमेकींत अडकलेल्या आहेत हे ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब ह्या कंपनीत जगाने पाहिलं. रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावरचा समजून मुख्य यंत्रावरचा डेटा पुसला. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता. त्याचं साधन डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हतं. तो दरवेळी फसत होता आणि फसल्याची ई-मेलही पाठवत होता. पण त्या ई-मेलवर नीट ओळखीची खूण नसल्यामुळे टपालाचा सर्व्हर त्या नाकारत होता. वर्दी निघत होती, पोचत नव्हती. सहा तास आधी योगायोगाने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेला. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, स्वतःच सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं. कीर्दीतली चूक न खोडण्याची ही जातिवंत तऱ्हा.

म्हणून रुजवात. हा शब्द मराठीतून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. अरबी ‘रुजूअ’ म्हणजे परत येणे. नोकरीवर रुजू होतो तोच. रुजवात घालणे म्हणजे एका वहीतून दुसरीकडे जाऊन, परत मूळ वहीकडे येऊन ताडून पाहणे. बॅकअप घेतला की सही करतात, पण तो उघडून, ओळ ओळ लावून, मुळाशी रुजवात कितीजण घालतात? भाच्याच्या टिपणात सात सूचना होत्या, ही नव्हती. मी आठवी म्हणून घातली.

टिपण छापून आलं तेव्हा त्यात ‘विदा’ होतं तसंच राहिलं. ‘डेटा म्हटलं तर मराठी दिन कसला’ असं त्याला कुणीतरी सांगितलं म्हणे. ‘वर्दी’ राहिला, ‘रुजवात’ राहिला. ‘पाठराखण’ गाळला. त्याच्या साहेबांना वाटलं, कुणीतरी काहीतरी गैर केलंय असा अर्थ निघेल.

एक विनंती. लग्नातल्या पाठराखिणीला तुमच्या भागात वेगळा शब्द असेल, किंवा पाठराखीण नवरीच्या गाडीत न बसता मागच्या गाडीतून येण्याची कुठे रीत असेल, तर मला कळवा. बालाघाट, छिंदवाडा आणि बऱ्हाणपूरकडच्या मराठी घरांतून कळलं तर जास्त बरं.